कॅन्सरचा रिपोर्ट हातात आल्यावर कुठली सरकारी संस्था कशासाठी वापरायची

घरात कुणाला कॅन्सर निघाला की पहिल्या रात्री सगळे आपापला मोबाईल घेऊन बसतात. आणि समोर काय येतं? हॉस्पिटलच्या दोन जाहिराती, एक "डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत" टाइप व्हिडिओ, कुणाच्यातरी काकांचा अनुभव आणि मधेच कुठेतरी एखाद्या सरकारी संस्थेचं पान, जे दिसायला इतकं रटाळ असतं की आपण ते सोडून पुढे जातो. नेमकं तेच पान उघडायचं असतं, पण ते कसं वाचायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख. ज्यांच्यासाठी हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी, पेशंट असा किंवा घरचे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सरकारी आरोग्य संस्था म्हणजे एकच मोठं ऑफिस नाही. संशोधन करणारी वेगळी, औषधाला परवानगी देणारी वेगळी, पेशंट मोजणारी वेगळी, कशाने कॅन्सर होतो ते तपासणारी आणखी वेगळी. प्रत्येकीचं काम ठरलेलं आहे आणि ती तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर धड देते. चुकीच्या ठिकाणी बरोबर प्रश्न विचारला तरी उत्तर चुकीचं मिळतं, आणि बहुतेक लोक इथेच गंडतात, माहिती कमी पडते म्हणून नाही.

पायरी १: साइट उघडण्याआधी कागद उघडा

बायोप्सीचा म्हणजे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट समोर ठेवा. "ब्रेस्ट कॅन्सर" किंवा "लंग कॅन्सर" एवढंच टाकून शोधलंत तर हाताला काही लागणार नाही, कारण त्या एका नावाखाली कितीतरी वेगवेगळे आजार येतात. समजा रिपोर्टवर लिहिलंय: इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड २, ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. पहिल्यात कळतं की गाठ दुधाच्या नलिकेत सुरू होऊन आजूबाजूला पसरलीय, ग्रेड म्हणजे मायक्रोस्कोपखाली पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात ते, आणि शेवटचे तीन (ईआर, पीआर म्हणजे पेशींवरचे हॉर्मोन पकडणारे रिसेप्टर, हर-टू हे एक प्रोटीन) ठरवतात की हॉर्मोनवाली गोळी चालेल का आणि कुठलं औषध देण्यात अर्थ नाही.

ग्रेड आणि स्टेज यात हमखास गोंधळ होतो. ग्रेड पेशींचा, स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पोचलाय. स्टेज बऱ्याचदा बायोप्सीच्या कागदावर नसतेच, स्कॅन वगैरे झाल्यावर ठरते, त्यामुळे "ग्रेड ३ आहे म्हणजे थर्ड स्टेज" असं म्हणून घरात रडारड करू नका प्लीज.

हे चार-पाच शब्द स्पेलिंगसकट वहीत उतरवा, पुढे सगळीकडे हेच लागणार आहेत. आणि अडलेल्या शब्दासाठी अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एनसीआयच्या साइटवर कॅन्सरच्या शब्दांची डिक्शनरी आहे, हजारो शब्द आहेत, दोन-तीन ओळीत सोप्या इंग्रजीत अर्थ. शेजारी औषधांची वेगळी डिक्शनरी पण आहे.

पायरी २: साइट खरंच सरकारी आहे का बघा

नावात "नॅशनल", "इन्स्टिट्यूट", "फाउंडेशन" असलं म्हणजे सरकारी असं काही नसतं, असली नावं कुणीही ठेवतं. पत्त्याचा शेवट बघायचा. अमेरिकेचं असेल तर डॉट गव्ह, भारताचं असेल तर बहुतेक डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इन, ब्रिटनच्या आरोग्य सेवेचं एनएचएस डॉट यूके, जागतिक आरोग्य संघटना डॉट इंट. मग पानाच्या खाली तारीख बघा. एनएचएस प्रत्येक पानावर लिहितं की हे शेवटचं कधी तपासलं आणि पुढची तपासणी कधी आहे. कॅन्सरच्या उपचारात चार-पाच वर्षं म्हणजे खूप झाली, तारीखच नसलेलं पान सरळ बंद करा.

पायरी ३: आजार समजून घ्यायला

इथे एनसीआयच पहिली. १९३७ साली कायदा करून स्थापन झालेली संस्था, आणि पेशंटच्या दृष्टीने तिची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पीडीक्यू नावाचे सारांश. तज्ज्ञांची मंडळं नवीन अभ्यास वाचून हे सारांश सुधारत राहतात. बऱ्याचशा सारांशांच्या दोन आवृत्त्या असतात, एक पेशंटसाठी आणि एक डॉक्टरांसाठी, आणि दोन्ही सगळ्यांना फुकट खुल्या आहेत. डॉक्टरवाली बघायला कुणी अडवत नाही. मी तर म्हणेन आधी पेशंटवाली पूर्ण वाचा, मग आपल्या स्टेजपुरता डॉक्टरवालीतला भाग उघडा. त्यात कुठल्या उपचाराला किती भक्कम पुरावा आहे हे पण लिहिलेलं असतं, आणि डॉक्टर अमुक केमो का म्हणाले ते तिथे बऱ्याचदा उलगडतं. डॉक्टरवाली आवृत्ती पहिल्याच दिवशी उघडायची घाई मात्र नको, ती कोरडी आहे, माणसाच्या मनाची पर्वा न करता लिहिलेली.

उपचारांशिवाय पीडीक्यूमध्ये वेदना, मळमळ, थकवा, तोंडातले फोड, झोप, शेवटच्या दिवसातली काळजी यावरही वेगळे सारांश आहेत आणि ते फारसं कुणी वाचत नाही. माझ्या मते घरच्यांना रोजच्या रोज कामाला येणारं हेच आहे.

एनसीआयची एक माहिती सेवा पण आहे, फोन, चॅट आणि ईमेलवर माणसं उत्तरं देतात, इंग्रजी किंवा स्पॅनिशमध्ये. ते तुमचं निदान करत नाहीत आणि अमुक उपचार घ्या असंही सांगत नाहीत. पण "या शब्दाचा अर्थ काय", "डॉक्टरांना काय विचारू", "यावर सोपं वाचायला कुठे मिळेल" असल्या प्रश्नांना चांगली मदत होते.

इंग्रजी फार जड वाटत असेल तर एनएचएसची पानं वाचा, भाषा साधी आणि वाक्यं छोटी. भारतात उपचार चालू असतील तर नॅशनल कॅन्सर ग्रिडची मार्गदर्शक तत्त्वं बघा. २०१२ साली सुरू झालेलं हे जाळं आहे, आज ३०० च्या वर केंद्रं आणि संस्था त्यात आहेत आणि टाटा मेमोरियल सेंटर ते चालवतं (जे आरोग्य खात्याच्या नाही तर अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं). त्यात इथल्या परिस्थितीत काय करणं शक्य आहे याचा विचार केलेला असतो. अमेरिकेच्या पानावर दिसलेलं औषध प्रत्येक देशात मिळतंच असं नाही, म्हणून दोन्हीकडे नजर टाकलेली बरी.

पायरी ४: आकडे, पण जपून

"किती चान्स आहे" हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो आणि त्याचे आकडे खरंच उपलब्ध आहेत. अमेरिकेत १९७३ पासून सीअर नावाची नोंदणी चालू आहे, तिथे कॅन्सरच्या प्रकाराप्रमाणे पाच वर्षांचा सर्व्हायव्हल रेट मिळतो, म्हणजे निदानानंतर पाच वर्षांनी किती टक्के लोक जिवंत आहेत ते. तो बघायचा की नाही हे पेशंटने ठरवायचं, घरच्यांनी परस्पर बघून जेवताना सांगायचं नाही.

बघायचाच असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तो "रिलेटिव्ह" असतो, म्हणजे त्याच वयाच्या बाकीच्या लोकांच्या तुलनेत. दोन, तिथे स्टेज १, २, ३, ४ नसते, लोकलाइज्ड, रीजनल, डिस्टंट असे तीन गट असतात, म्हणजे जागच्या जागी, आसपास पसरलेला, लांब पसरलेला. तुमची स्टेज कुठल्या गटात बसते ते डॉक्टरांना विचारा, स्वतः अंदाज लावू नका. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, पाच वर्षांचा आकडा काढायचा तर ज्यांचं निदान किमान पाच वर्षांपूर्वी झालं तेच लोक मोजावे लागतात. म्हणजे तो आकडा जुन्या उपचारांचा असतो.

हे नुसतं मनाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया नावाचा रक्ताचा कॅन्सर आहे, त्याच्यावरच्या इमॅटिनिब या गोळीला अमेरिकेत मे २००१ मध्ये परवानगी मिळाली आणि त्या आजाराचं चित्रच पालटलं. पण २००२ साली ज्याने सर्व्हायव्हलचा तक्ता उघडला त्याला काय दिसलं असेल? गोळी येण्याआधीच्या पेशंटचे आकडे. त्याची स्वतःची गोष्ट त्या तक्त्यात कुठेच नव्हती.

पायरी ५: डॉक्टरांनी एखादं नवीन, महाग औषध सुचवलंय

आता परवानगी देणाऱ्या संस्थांकडे जायचं. अमेरिकेत एफडीए, युरोपात ईएमए, भारतात सीडीएससीओ. त्यातल्या त्यात ईएमएचं मला आवडतं, कारण प्रत्येक औषधाचा साध्या भाषेतला आढावा असतो, औषध कशासाठी, अभ्यासात काय फायदा दिसला, त्रास काय होतात आणि मंजुरी का दिली, सगळं दोन-तीन पानात.

एफडीएच्या पानावर "अ‍ॅक्सिलरेटेड अप्रूव्हल" हे शब्द दिसले तर थांबून नीट वाचा. १९९२ पासूनची ही सोय आहे. गंभीर आजारात, गाठ आक्रसली किंवा आजार काही काळ पुढे सरकला नाही एवढ्या पुराव्यावर लवकर परवानगी द्यायची आणि माणूस खरंच जास्त जगतो का याचा पुरावा कंपनीने नंतर आणून द्यायचा. कधी तो येतो, कधी येत नाही. बेव्हासिझुमॅबला पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरसाठी २००८ साली अशीच परवानगी मिळाली होती, नंतरच्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, त्रास मात्र गंभीर होते, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये एफडीएने त्या आजारापुरती परवानगी काढून घेतली. बाकीच्या काही कॅन्सरसाठी तेच औषध चालू राहिलं. म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: "याने आयुष्य वाढल्याचं दिसलंय, की फक्त आजार थांबून राहिल्याचं?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

ब्रिटनच्या नाईस या संस्थेचे निर्णयही वाचण्यासारखे असतात. १९९९ मध्ये सुरू झाली, आणि एनएचएसने औषधाचे पैसे द्यावेत का हे ती ठरवते. पण तिथे "शिफारस नाही" दिसलं की औषध बेकार असा अर्थ लगेच काढू नका, बऱ्याचदा मुद्दा एवढाच असतो की त्या किमतीत तेवढा फायदा परवडत नाही. कारणं सविस्तर लिहिलेली असतात, ती वाचा.

पायरी ६: ट्रायल शोधायची असेल तर

ट्रायल म्हणजे नवीन उपचाराची पेशंटवर घेतलेली चाचणी, आणि तिच्या याद्या असतात. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही २००० साली सुरू झालेली अमेरिकन यादी, भारतात सीटीआरआय, २००७ पासून, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं एक शोध पान आहे जे अनेक देशांच्या याद्या एकत्र दाखवतं. वहीतले शब्द इथे टाकायचे. मग स्टेटस बघायचं: "रिक्रूटिंग" म्हणजे पेशंट घेतायत, "अ‍ॅक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग" म्हणजे ट्रायल चालू आहे पण दार बंद. हे न बघता लोक पानंच्या पानं प्रिंट काढून डॉक्टरकडे नेतात आणि निम्म्या ट्रायल संपलेल्या निघतात.

त्याखाली कुणाला घेणार आणि कुणाला नाही याची यादी असते. तिथे ईसीओजी असं काहीतरी दिसेल. पेशंट रोजची कामं किती करू शकतो याचं ते माप आहे, ० म्हणजे पूर्वीसारखं सगळं जमतं, ४ म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. बऱ्याच ट्रायल ० ते १ किंवा २ एवढंच घेतात. आपला आकडा किती ते डॉक्टरांकडून माहीत करून घ्या, अर्धी छाटणी तिथेच होते.

आणि सरकारी यादीत नाव आहे म्हणजे सरकारने तपासून पसंती दिली, असं अजिबात नाही. ती फक्त नोंद आहे, आणि अमेरिकन साइट स्वतःच तसं लिहिते. ट्रायलमध्ये भाग घ्यायला कुणी मोठी फी मागत असेल तर तिथेच सावध व्हा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक सहीसुद्धा करू नका. "आम्हाला नुसती साखरेची गोळी देतील" ही भीती मात्र बहुतेक वेळा फोल असते. ज्या कॅन्सरवर चालणारा उपचार आहे तिथे सहसा नेहमीचा उपचार विरुद्ध नवीन, किंवा नेहमीचा अधिक नवीन, अशी तुलना करतात.

पायरी ७: नातेवाइकांचे फॉरवर्ड

हे येणारच. यासाठी पण सरकारी संस्था आहेत आणि त्या भांडण न करता काम करून देतात. उदाहरणार्थ "व्हिटॅमिन बी-१७" आणि जर्दाळूच्या बियांचा मेसेज. ते व्हिटॅमिन नाहीच, लेट्राइल नावाचं रसायन आहे, एनसीआयने पुढाकार घेऊन १७८ पेशंटवर त्याचा अभ्यास करवला, १९८२ मध्ये निकाल छापून आला: कॅन्सरवर उपयोग शून्य, आणि काही पेशंटच्या रक्तात सायनाइडचं प्रमाण धोक्याच्या पातळीकडे गेलेलं. पीडीक्यूमध्ये असल्या पर्यायी उपायांचा वेगळा विभागच आहे, तिथली लिंक काकांना पाठवायची आणि गप्प बसायचं. एफडीएसुद्धा खोटे दावे करणाऱ्यांना पत्रं पाठवते, एप्रिल २०१७ मध्ये एकाच वेळी १४ कंपन्यांना, ६५ पेक्षा जास्त उत्पादनांसाठी पाठवली होती, आणि ही पत्रं कुणालाही वाचता येतात.

दुसरा प्रकार म्हणजे "अमक्याने कॅन्सर होतो, डब्ल्यूएचओने सांगितलं". याच्यामागे बहुतेक वेळा आयएआरसी असते, १९६५ साली स्थापन झालेली, फ्रान्समधल्या लिऑं शहरातली डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था. ती गोष्टींना गट देते, १ (कॅन्सर होतो याचा पुरावा सगळ्यात पक्का), २ए, २बी, ३. आणि सगळी गडबड इथेच होते, कारण गट सांगतो पुरावा किती पक्का आहे, धोका किती मोठा आहे हे नाही. तंबाखू आणि प्रक्रिया केलेलं मांस दोन्ही गट १ मध्ये आहेत, म्हणून दोन्हींचा धोका सारखा होत नाही. मोबाईलच्या लहरी २०११ मध्ये आणि अ‍ॅस्पार्टेम २०२३ मध्ये २बी गटात टाकले, म्हणजे "शक्यता आहे, पण पुरावा तोकडा". बातमीत यातलं काहीच नसतं. आणि निदान झालेल्या माणसाला "तू ते खायचास ना, म्हणूनच" हे ऐकवायला तर या याद्या मुळीच नाहीत.

केमो चालू असेल तर ही पायरी सगळ्यात आधी

नंबर दिला नाही कारण ही वाट न बघता करायची. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने केमोच्या पेशंटसाठी इन्फेक्शनबद्दल साधी माहिती काढलीय, त्यातला मुद्दा असा: केमोने पांढऱ्या पेशी कमी होतात, त्या बऱ्याचदा डोसनंतर ७ ते १२ दिवसांच्या आसपास सगळ्यात खाली जातात, आणि त्या काळात ताप हे इन्फेक्शनचं एकमेव लक्षण असू शकतं. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर ती इमर्जन्सी, मध्यरात्र असली तरी. कपाळाला हात लावून अंदाज नको, थर्मामीटर लावा. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तापाची गोळी देऊन ताप दाबू नका. हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर आजच घेऊन ठेवा, फ्रिजवर चिकटवा, आणि कॅज्युअल्टीत पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य "केमो चालू आहे" हे.

घरच्यांची तपासणी, पैसे आणि राहिलेलं

घरात एकाला झाल्यावर बाकीचे विचारतात आम्ही काय करायचं. तपासणी कुणाची, कुठल्या वयात, हे प्रत्येक देशाची संस्था वेगळं सांगते. मॅमोग्राफीचं (स्तनांच्या एक्स-रेचं) बघा, अमेरिकेचं तज्ज्ञ मंडळ २०२४ पासून ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी म्हणतं, ब्रिटनमध्ये ५० ते ७१ आणि दर तीन वर्षांनी. दोन्हीकडचे लोक हुशारच आहेत, फायदा आणि उगाचची बायोप्सी यांचं गणित ते वेगवेगळं मांडतात. पण हे सगळं साधारण धोका असलेल्यांसाठी आहे. जवळच्या रक्ताच्या नात्यात कॅन्सर असेल तर हे नियम तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत, डॉक्टरांना विचारा.

पैशांच्या मदतीची माहिती वरच्या संस्थांकडे फारशी मिळत नाही, ते त्यांचं कामच नव्हे. हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागाला आधी गाठा आणि उपचार सुरू व्हायच्या आधी गाठा, कारण बऱ्याच सरकारी योजनांना आधीची मंजुरी लागते, बिल झाल्यावर गेलं की पंचाईत होते.

शेवटचं, जे जवळपास कुणीच करत नाही. औषधाचा विचित्र त्रास झाला तर पेशंट किंवा घरचे स्वतः सरकारला कळवू शकतात. ब्रिटनमध्ये यलो कार्ड, १९६४ पासून, अमेरिकेत मेडवॉच, १९९३ पासून, भारतात फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम, २०१० पासून. फॉर्म भरायला डॉक्टरच असावं लागत नाही आणि औषधामुळेच झालं हे सिद्धही करावं लागत नाही. औषधाचं नाव, बॅच नंबर, कधी सुरू केलं, त्रास कधी आणि काय झाला, सोबत दुसरी कुठली औषधं चालू होती, एवढं हाताशी ठेवा. बॅच नंबर खोक्यावर असतो, म्हणून खोकी लगेच टाकून देऊ नका.